वेगमापकावरील तांबडी रेघ

पिंपळाचें पान वारा नसतांनाहि हलतें, असें आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः वारा अगदींच नसेल तर तेंहि स्तब्ध राहतें. परंतु शेजारचा आंबा निश्चल उभा असतांना जी झुळूक कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं, तेवढी त्याला पुरते. देठ लांब आणि नाजूक, पातें रुंद, अशी त्याची घडण. झुळूक एकाच दिशेनें, एकाच जोरानें वाहत असते. तिच्यांत ताल नसतो, ठोका नसतो. तरी पान पिळतें, वांकतें, पुन्हा पिळतें आणि सळसळत राहतें. ताल पानाचा असतो. शक्ति मात्र वाऱ्याची. पिंपळाखालीं बसणाऱ्याला यांत सुखाखेरीज दुसरें कांहीं वाटण्याचें कारण नाहीं. पण हाच प्रकार विमानाच्या पंखाला झाला, तर थोड्या सेकंदांत पंख सांध्यापासून निखळतो.

विमानविद्येंत याला फ्लटर म्हणतात. साध्या मराठींत फडफड म्हटलें तरी चालेल. विमानाच्या वेगमापकावर एक तांबडी रेघ असते आणि कांटा तिच्यापुढें जातां कामा नये असा दंडक असतो. ती रेघ जेथें असते तेथेंच कां ओढली, याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतलें सर्वांत कपटी कारण ही फडफड होय.

फेब्रुवारी २०१६ मध्यें वांद्रें-कुर्ला संकुलांत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत कॅप्टन अमोल यादव यांचें सहा आसनांचें विमान मांडलेलें होतें. व्यवसायानें वैमानिक असलेल्या या गृहस्थांनीं तें कांदिवलीस चारकोप येथें इमारतीच्या गच्चीवर बांधलें, ही गोष्ट मुंबई-ठाण्याच्या घरोघरीं ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची नोंद व्हीटी-एनएमडी या अक्षरांनीं झाली, ऑक्टोबर २०१९ मध्यें चाचणी-उड्डाणाचा परवाना मिळाला, आणि २०२० सालीं धुळ्याच्या धांवपट्टीवर त्याची चाचणी झाली. अशा घरगुती विमानाविषयीं लोकांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो: तें उडेल काय? १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं चौपाटीवर विमान उडविल्याची कथा मुंबईंत अजून सांगितली जाते. तिला भक्कम समकालीन पुरावा नाहीं. पण त्या कथेचाहि सगळा भर ‘उडालें’ या एका क्रियापदावर आहे. आतां उडणें ही तितकी मोठी गोष्ट राहिलेली नाहीं. पुरेसा पंख आणि पुरेसें एंजिन मिळालें कीं यंत्र जमीन सोडतें. कोणत्या वेगापर्यंत तें एकसंध राहील, हा प्रश्न त्याहून पुष्कळ अवघड आहे, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां बरींच माणसें मेलीं आहेत.

या शोधाचा एक धागा जुहूच्या मैदानापाशीं येऊन पोंचतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एकटेच निघाले. बरोबर ५५ पौंड टपाल. विमान एका एंजिनाचें, पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचें आणि लांकडी पंखांचें. त्याचें नांव पुस मॉथ. अहमदाबादेस पेट्रोल घेऊन दुपारीं ते जुहूस उतरले, आणि तेथून पुढें नेव्हिल व्हिंट्सेंट यांनीं टपाल बल्लारीवरून मद्रासला नेलें. हिंदी विमान-टपालाचा आरंभ म्हणून हा दिवस प्रसिद्ध आहे. अहमदाबादहून जुहूकडे येणारी वाट डहाणू, पालघर, वसई अशी त्या वेळच्या ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत येते. विमानाचा वेग ताशीं सुमारें १०० मैल. आजच्या मानानें तो बैलगाडीचाच म्हणावयाचा.

प्रसिद्ध नसलेली बाजू अशी कीं, टाटा निघाले त्या वेळीं याच जातीचीं विमानें हवेंत मोडून पडत होतीं. ऑक्टोबर १९३० मध्यें पश्चिम ऑस्ट्रेलियांत एक मोडलें. मे १९३१ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या ड्रॅकन्सबर्ग पर्वतांत ग्लेन किड्स्टन हा नाणावलेला वैमानिक दुसऱ्या एका पुस मॉथमधून कोसळून मेला. जुलै १९३२ मध्यें, म्हणजे कराचीच्या उड्डाणाआधीं तीनच महिने, इंग्लंडांत सरे परगण्यावर तिसरें मोडलें आणि त्यांतील तिघेहि गेले. डी हॅविलंडचा कारखाना नामांकित, कारागिरी चोख, विमान नवें. पंखावर वजन ठेवून पाहिलें तर तो खुशाल पेलत असे. मग तो हवेंत कां मोडावा?

उत्तराची सुरुवात सोळा वर्षें आधींच झालेली होती. १९१६ सालीं हँडले पेज कंपनीच्या दोन एंजिनांच्या बाँबफेकी विमानाची शेपटी उड्डाणांत एकाएकीं भयंकर हिसके देऊं लागली. सबंध धड पिळवटून निघे. चौकशी फ्रेडरिक लँचेस्टर या कल्पक यंत्रज्ञाकडे आली. शेपटीवर विमानाचें नाक वरखालीं करणाऱ्या दोन फळ्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. या विमानांत त्या दोन्ही वेगवेगळ्या तारांनीं वैमानिकाच्या दांड्याला जोडल्या होत्या. परस्परांशीं त्यांचा संबंध नव्हता. त्यामुळें एक वर जात असतां दुसरी खालीं जाऊं शके, आणि धडाचें पिळणें व फळ्यांचें हें उलटसुलट हालणें एकमेकांस खतपाणी घालूं लागे. बाहेरच्या कोणत्याहि धक्क्याचा यांत दोष नाहीं, हें लँचेस्टरनें ओळखलें. दोन्ही फळ्या एका ताठ नळीनें जखडून टाकणें, एवढाच उपाय त्यानें सांगितला. लिओनर्ड बेअरस्टो यानें त्याचें गणित मांडलें. तरीहि पुढच्याच वर्षीं डी. एच. ९ या विमानाच्या शेपटीला तोच रोग जडला आणि तेथें माणसें दगावलीं. उपाय पुन्हा तोच. एका कारखान्यांत शिकलेला धडा शेजारच्या कारखान्यांत पोंचावयास मरणें व्हावीं लागतात, ही या इतिहासांत पुनःपुन्हा दिसणारी गोष्ट आहे.

जर्मनीकडची हकीगत याहून चमत्कारिक आहे. १९१८ सालीं अँथनी फोकर यानें एका पंखाचें एक लढाऊ विमान केलें. त्यानें स्वतः पुढें लिहून ठेवलें आहे कीं, त्याचा मूळचा पंख ठीक होता; परंतु सरकारी तज्ज्ञांनीं नियमावर बोट ठेवून पंखाची मागली तुळई अधिक जाड करावयास लावली, आणि तशीं सुधारलेलीं विमानें रणांगणावर पंख गमावूं लागलीं. वाळूच्या पिशव्या ठेवून पाहिलें तर पंख भार सोशीत असे. पण मागची तुळई ताठ आणि पुढची तितकी ताठ नाहीं, अशा पंखावर वाऱ्याचा दाब आला कीं त्याची पुढली कड अधिक वर वळे. कड वर वळली कीं दाब वाढे. दाब वाढला कीं कड आणखी वळे. ही तंतोतंत फडफड नव्हे, तिची चुलतबहीण म्हणावी. कारण येथें हेलकावे नाहींत, पंख एकाच दिशेनें पिळत जाऊन तुटतो. परंतु शिकवण एकच. भार पेलण्याचें बळ आणि पिळ न पडण्याचा ताठपणा या दोन वस्तु भिन्न आहेत, आणि जेथें तेथें जाड लांकूड घातलें म्हणजे यंत्र सुरक्षित झालें असें होत नाहीं.

घरीं विमान बांधणारा नेमका येथेंच फसतो. तो मनांत म्हणतो कीं, नकाशांत पाव इंच पत्रा आहे, आपण तीन अष्टमांश घालूं; देव देईल तो वेग सोसेल. फोकरच्या पंखाचें काय झालें हें त्यानें वाचलेलें नसतें.

पंखाला दोन तऱ्हांनीं हालतां येतें. एक, टोंक वरखालीं वांकणें. दुसरी, सबंध पंखाचें पिळणें. दोन्हींची आपापली स्वाभाविक लय असते. विमान सावकाश जात असतां कोणतीहि हालचाल सुरू झाली तर हवाच तिला शांत करते, पाण्यांत हात हालवावा तशी. वेग वाढला कीं हवेमुळें या दोन लयी बदलत बदलत एकमेकींजवळ येऊं लागतात. एका विवक्षित वेगाला त्यांची अशी गांठ पडते कीं, पंख वर जात असतां पिळ त्याला वर ढकलणारा, आणि खालीं येत असतां खालीं ढकलणारा. झोपाळ्यावर बसलेलें मूल नेमक्या क्षणीं पाय झाडून झोका वाढवितें, तसा पंख वाऱ्यांतून शक्ति उपसून स्वतःचा झोका वाढवूं लागतो. त्या वेगाच्या दोन मैल अलीकडे कदाचित् कांहींच जाणवणार नाहीं. दोन मैल पलीकडे जें सुरू होतें तें वैमानिकाच्या हातांनीं थांबविण्याइतका अवधि पुष्कळदां मिळत नाहीं. कपटी म्हटलें तें यासाठीं.

यांत तिसरा भागीदार असतो तो पंखाच्या मागल्या कडेस बिजागऱ्यांवर हालणारी फळी, जिला एलेरॉन म्हणतात. ती बिजागरीच्या मागें जड असली तर पंख वर उसळतांच जडत्वानें मागें राहते, म्हणजे खालीं झुकते. आणि खालीं झुकलेल्या फळीचें कामच पंखाला वर ढकलणें असल्यामुळें उसळी दुणावते. हॉलंडांत फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग या दोघांनीं १९२२-२३ च्या सुमारास हें उकललें, आणि त्यावर काढलेला तोडगा आजतागायत चालू आहे: बिजागरीच्या पुढें शिशाचा एक गोळा बसवावा आणि फळी तराजूच्या दांडीसारखी समतोल करावी. इतकें स्वस्त औषध इतक्या भयंकर रोगावर क्वचितच सांपडलें असेल. पुढें १९२८ सालीं टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत फ्रेझर आणि डंकन यांनीं या विषयावर जो ग्रंथवजा अहवाल लिहिला, त्याला विमानज्ञ गमतीनें फडफडीचें बायबल म्हणूं लागले.

म्हणजे पुस मॉथ मोडूं लागलें तेव्हां विद्या उपलब्ध होती. ती सर्व यंत्रांना लावून पाहण्याची शिस्त तेवढी नव्हती. इंग्रज तज्ज्ञांनीं मोडक्या अवशेषांवरून आणि प्रयोगांवरून निष्कर्ष काढला तो हाच कीं, खळबळलेल्या हवेंत वेग वाढला असतां पंख व सुकाणू यांची फडफड सुरू होते. पंखाची तिरकी आधारदांडी आणखी एका लहान दांडीनें ताठ करण्यांत आली, हालत्या फळ्यांना समतोल वजनें आलीं, आणि मोडण्याची मालिका थांबली. मधल्या काळांत टाटांच्या टपालाचीं विमानें पश्चिम किनाऱ्यावरून मुकाट्यानें जातयेत होतीं. तीं सुखरूप राहिलीं यांत दैवाचा भाग किती होता, हें त्या टपालांतून पत्रें घेणाऱ्या कोणाच्या स्वप्नींहि नसेल.

१९३५ हें वर्ष या शास्त्रांत महत्त्वाचें. अमेरिकेंत थिओडोर थिओडोर्सन यानें फडफडीचा वेग आधींच गणितानें काढण्याची पुरी रीत प्रसिद्ध केली. आणि जर्मनींत फॉन श्लिपे यानें प्रत्यक्ष उड्डाणांत कसोटी घेण्याची पद्धत घातली. विमानाला मुद्दाम थोडें हालवावयाचें, हालचाल किती मोठी होते तें मोजावयाचें, मग वेग किंचित् वाढवून पुन्हा तेंच करावयाचें. हालचाल वाढूं लागली कीं संकट जवळ आलें असें समजून मागें फिरावयाचें. पद्धत उत्तम, पण निर्धोक नव्हे. १९३८ सालीं युंकर्स ९० या मोठ्या विमानाचा पहिला नमुना अशाच कसोटींत मोडून पडला.

शाळांच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून याच संदर्भांत अमेरिकेच्या टॅकोमा येथील झुलत्या पुलाचें चित्र असतें. जुलै १९४० मध्यें खुला झालेला तो पूल ७ नोव्हेंबरला ताशीं ४२ मैलांच्या वाऱ्यांत पिळवटून कोसळला. पुस्तकें त्याला अनुनादाचें उदाहरण म्हणतात, आणि मुलें तसें पाठ करतात. पण अनुनादाला बाहेरून तालांत बसणारा धक्का लागतो. तो वारा तर एकसारखा वाहत होता. तो पूल पिंपळाच्या पानाच्या जातीचा, सैन्याच्या पावलांनीं हालणाऱ्या पुलाच्या जातीचा नव्हे.

मोठमोठ्या कंपन्याहि पुढें चुकल्या. लॉकहीड कंपनीचें इलेक्ट्रा हें चार एंजिनांचें प्रवासी विमान नवें असतांना २९ सप्टेंबर १९५९ रोजीं टेक्सासवर एक मोडलें, त्यांत ३४ माणसें मेलीं. १७ मार्च १९६० रोजीं इंडियानावर दुसरें मोडलें, त्यांत ६३ मेलीं. सगळीं इलेक्ट्रा विमानें जमिनीवर बसवा, असा गिल्ला झाला. अमेरिकन विमानखात्याचे प्रमुख एलवुड क्वेसाडा यांनीं तें न मानतां एका आठवड्याच्या आंत विमानांचा नित्य वेग ३२४ नॉटांवरून २७५ वर आणि लगोलग २२५ वर आणला. (नॉट म्हणजे ताशीं एक सागरी मैल, सुमारें १.८५ किलोमीटर.) पुढें शोध लागला कीं, एंजिन पंखाला धरून ठेवणारे आधार ढिले पडले म्हणजे फिरता पंखा भोंवऱ्यासारखा डुलतो, आणि त्याच्या डुलण्याची लय पंखाच्या लयीशीं जुळते. आधार बळकट झाल्यावर वेगाचें बंधन उठलें. रोगाचें नांवहि ठाऊक नसतांना केवळ वेग उतरवून तीं विमानें चालू ठेवण्यांत आलीं. क्वेसाडांचा निर्णय बरोबर ठरला; पण तो जुगार होता हेंहि खरें.

कारखान्यांत तयार होणाऱ्या लहान विमानांसाठीं जो दंडक पुष्कळ काळ रूढ होता तो असा. विमानाचा डुबकीचा एक कमाल वेग ठरवावा व तेथवर प्रत्यक्ष उडवून पाहावें; गणितानें दाखवावें कीं त्या वेगाच्या १.२ पटीपर्यंत फडफड उद्भवत नाहीं. आणि तांबडी रेघ मात्र डुबकीच्या वेगाच्या नऊ-दशांशावर ओढावी. डुबकीचा वेग २०० नॉट असेल तर रेघ १८० वर आणि गणित २४० पर्यंत. रेघ आणि मरण यांमध्यें हें जें अंतर राखलेलें असतें, त्यांत एंजिनियराचें गणित, चाचणी-वैमानिकाचा जीव आणि परीक्षकाची सही, असे तिघांचे श्रम असतात.

घरीं बांधलेल्या विमानाला यांतलें बहुधा कांहींच मिळत नाहीं. अमेरिकेंत हजारों लोक घराच्या गाडीखान्यांत विमानें बांधतात. तीं प्रायोगिक म्हणून नोंदलीं जातात आणि कारखान्याच्या विमानाचे आराखड्याचे नियम त्यांना लागू होत नाहींत. बांधणारा नकाशावाल्यानें सांगितलेला आंकडा घेतो आणि तेथें तांबडा रंग लावतो. नकाशावाल्याचेंच कोठें चुकलें असेल तर? झोडिॲक सी. एच. ६०१ एक्सएल या लोकप्रिय लहान विमानाच्या बाबतींत हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेंत व युरोपांत मिळून तसलीं सहा विमानें हवेंत मोडून किमान दहा माणसें मेल्यावर, १४ एप्रिल २००९ रोजीं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें तीं जमिनीवर ठेवण्याची निकडीची शिफारस केली. मंडळाचा संशय फडफडीवर होता, आणि एलेरॉनांना समतोल वजनें नव्हतीं. तारा नीट ताणलेल्या असल्या तर धोका नाहीं, असें कारखान्याचें म्हणणें. सरकारी तपासांत पंखाच्या रचनेंतील व वेगमापनांतील इतर दोषहि पुढें आले, त्यामुळें सगळें खापर एकट्या फडफडीच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. तथापि नोव्हेंबर २००९ मध्यें जी दुरुस्ती सांगण्यांत आली तींत पंख बळकट करण्याबरोबर एलेरॉनांना समतोल वजनें होतींच. हॉलंडांत सुमारें ८५ वर्षांपूर्वीं निघालेला तो शिशाचा गोळा!

आंकडा बरोबर असला तरी तो वाचण्यांतहि चूक होते, आणि ही चूक सुशिक्षित माणसें करतात. वेगमापक खरा वेग मोजीत नाहीं. समोरून नळींत शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतो. उंचावर हवा विरळ, म्हणून त्याच वेगाला दाब कमी, म्हणून कांटा मागें. ढोबळ मानानें दर हजार फुटांस शेंकडा दोन फरक पडतो. कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर, म्हणजे १,६४६ मीटरांवर, कांटा १०० दाखवी तेव्हां विमान १०८ च्या वेगानें जात असतें. १३,००० फुटांवर १२२ च्या. हें प्रमाणभूत हवामानाचें गणित झालें. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखांत फरक आणखी वाढतो. पंखावरचा भार हा कांट्याच्या वेगावर अवलंबून असतो, म्हणून पुष्कळ बाबतींत कांट्यावर विसंबणें योग्यच. फडफड मात्र बव्हंशीं खऱ्या वेगाशीं बांधलेली आहे. घरगुती विमानांत मूळ नकाशाहून मोठें, उंचावरहि दम न सोडणारें एंजिन बसविण्याची हौस पुष्कळांना असते. असा हौशी वैमानिक उंच जाऊन कांटा रेघेच्या अलीकडे ठेवतो आणि नियम पाळल्याच्या समाधानांत असतो. विमान मात्र रेघ ओलांडून केव्हांच पुढें गेलेलें असतें.

बारीकसारीक कारणेंहि याच वाटेनें नेतात. एलेरॉनावर हौसेनें रंगाचा दुसरा हात दिला तर बिजागरीमागचें वजन वाढतें. म्हणून रंगानंतर फळी काढून पुन्हा तोलून पाहिली पाहिजे. फळींतील पाणी निथळण्याचीं छिद्रें मातीनें बुजलीं तर पावसाळ्यांत पाणी आंत सांचून तेंच होतें. बिजागरी झिजून किंचित् खेळूं लागली, तार सैल पडली, कीं फडफडीचा वेग कळत नकळत खालीं उतरतो. तांबडी रेघ मात्र रंगविली तेथेंच राहते.

कोंकणच्या दमट हवेंत लांकूड आणि सरस यांचाहि विचार करावा लागतो. कल्याणहून मलंगगडाकडे जातांना नेवाळीचें मैदान लागतें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तेथें धांवपट्टी केली. त्या जमिनींचा तंटा जून २०१७ मध्यें रस्त्यावर येऊन पेटला. त्याच युद्धांत, नोव्हेंबर १९४४ मध्यें, या देशांत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असलेलीं मॉस्किटो विमानें एकदम उडविण्याचीं बंद करावीं लागलीं, कारण तीं लांकडी विमानें हवेंत मोडूं लागलीं होतीं. प्रथम बोट दाखविलें गेलें तें आपल्या उष्ण दमट हवेकडे. तपासाअंतीं दिसलें कीं कांहीं विमानांचे सांधे मुळांतच नीट बसलेले नव्हते; सरसाच्या थरांत फटी होत्या. ही फडफड नव्हती. परंतु सांध्यांत फट असली कीं ताठपणा गेला, आणि ताठपणा गेला कीं फडफडीचा वेग उतरला, हा संबंध अटळ आहे. युद्धकाळांतील नामांकित कारखान्याच्या हातून जें निसटलें तें गच्चीवर, पावसाळी हवेंत, सुटीच्या दिवशीं काम करणाराच्या हातून निसटणार नाहीं असें धरून चालतां येत नाहीं.

म्हणून चाचणीला जागा लागते. कल्याण-डोंबिवलीची वस्ती २०११ च्या शिरगणतींत साडेबारा लाखांच्या घरांत होती आणि ठाणें शहराची अठरा लाखांवर. त्यानंतर ती वाढलीच आहे. येथल्या आकाशांतून तुटलेला एलेरॉन पडला तर तो कोणाच्या तरी छपरावरच पडणार. चाचणीच्या विमानाला वस्तीपासून दूर ठेवण्याचा दंडक सर्वत्र आहे तो केवळ वैमानिकासाठीं नव्हे. धुळ्यासारख्या उघड्या मुलखांत, पहाटेच्या निवांत हवेंत, पाठीला पॅराशूट बांधून, पांच-पांच नॉटांनीं वेग वाढवीत आणि प्रत्येक पायरीवर दांड्याला हलकीशी टिचकी मारून थरथर विरते कीं नाहीं हें पाहत हें काम करावें लागतें. त्याला कित्येक उड्डाणें लागतात आणि त्यांत पाहण्यासारखें कांहीं नसतें. वर्तमानपत्रांत येतें तें पहिलें उड्डाण. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं यादव यांना विमान-कारखान्यासाठीं पालघर जिल्ह्यांत जागा देऊं केली. ज्या किनाऱ्यावरून १९३२ चें टपाल गेलें, तोच हा किनारा.

जे. आर. डी. टाटांनीं त्या उड्डाणाच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा एकट्यानें केला. पुस मॉथ त्या वेळीं नव्हतें. ते आले तें त्याच कारखान्याच्या पुढच्या जातीच्या, लेपर्ड मॉथ नांवाच्या विमानांतून. आणि त्याचा वेग ५० वर्षांपूर्वींच्या वेगाहून फारसा अधिक नव्हता.